ज्येष्ठ नटाचं मानपत्र: माहिती कशी काढायची, लिहायचं कसं, वाचायचं कसं

दिवाळी आटोपत आली की नागपुरातल्या नाट्यसंस्थांचे मला फोन सुरू होतात. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' उभं केलं, त्याची आठवण म्हणून आपण तो पाळतो. लहानमोठ्या संस्था याच सुमारास एखाद्या ज्येष्ठ कलावंताचा जीवनगौरव ठेवतात. सभागृह ठरतं, पाहुणे ठरतात, बर्डीच्या बाजारातून शाल येते, निमंत्रणं वाटून होतात आणि मग आदल्या दिवशी कोणाला तरी आठवतं की मानपत्र राहिलंच. "ताई, दहा ओळी द्या ना लिहून. तुम्हाला काय, तुमच्या हातचा मळ."

आदल्या दिवशी दहा ओळी मी कोणालाच लिहून देत नाही. आधी कलावंताचा पत्ता मागते.

कारण सांगते. मी शाळेत मराठी शिकवलं आणि संध्याकाळी तालमी केल्या. राज्य नाट्य स्पर्धेच्या हौशी नाटकांत आमच्या पिढीने जी कामं केली, त्यांचं चित्रीकरण कोणी केलं नाही. तेव्हा कॅमेरा लग्नालाही भाड्याने आणायचे. मुंबई-पुण्याच्या व्यावसायिक नटावर लेख येतात, पुस्तकं निघतात. नागपुरातल्या महाल किंवा नंदनवन भागातल्या नटाने चाळीस वर्षं रंगभूमीवर काय केलं, हे सांगणारा छापील कागद बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे त्याचं मानपत्र. तोही नुसत्या विशेषणांनी भरला, तर त्या माणसाचा अभिनय कायमचा गेला. म्हणून हे काम कसं करायचं ते नीट लिहून ठेवते आहे. पुढे ज्यांच्या गळ्यात ही जबाबदारी पडेल, त्यांनी यातलं हवं ते उचलावं.

आधी घरी जा

कार्यक्रमाच्या निदान तीन आठवडे आधी कलावंताच्या घरी जा. फोनवर भागत नाही. फोनवर म्हातारी माणसं संकोचतात, "तुम्हीच लिहा काहीतरी चांगलं" म्हणतात. सकाळी दहानंतरची वेळ घ्या, जेवणाच्या आत निघा. बरोबर एकच माणूस न्या. सगळं पदाधिकारी मंडळ नेलंत तर गप्पा होतील, माहिती मिळणार नाही.

पहिला प्रश्न "तुम्हाला कोणते पुरस्कार मिळाले" हा विचारू नका. त्याने माणूस उठून कपाटातली फाईल काढतो आणि तुम्ही दोन तास फाईलच चाळत बसता. मी विचारते, "काकाजी, कोणत्या नाटकात एंट्रीला सगळ्यात जास्त भीती वाटली?" किंवा, "ताई, असं कोणतं काम होतं, जे दुसरीने केलं असतं तर तुम्हाला आवडलं नसतं?" मग आवाज बदलतो, हात हलायला लागतात, पाठ सरळ होते. मानपत्राला लागणारं सगळं त्या हातांत असतं. वही उघडी ठेवा, पण डोळे त्यांच्याकडे असू द्या.

महालातल्या एका बाईंकडे मी अशीच गेले होते. ऐंशीच्या पुढचं वय, गुडघे धरलेले. बोलता बोलता त्यांनी एका कौटुंबिक नाटकातली सासू सांगायला घेतली. संवाद त्यांना आठवेनात. म्हणाल्या, "थांब जरा." देवघरातला कापूस आणला, मांडीवर वात वळायला बसल्या आणि हात चालू झाला तसे संवादही येऊ लागले. त्या भूमिकेत दुसरा अंकभर त्या वाती वळत असत. दिग्दर्शकाने सांगितलं नव्हतं, नाटकात लिहिलेलं नव्हतं. घर सोडून जायची गोष्ट सून काढते, त्या वाक्याला म्हातारी काही बोलत नाही, मानही वर करत नाही. "हात थांबवायचा फक्त," त्या म्हणाल्या. "तेवढ्यात पब्लिकला कळे, बुढीनं ऐकलं म्हणून." आणि माझ्यासमोर त्यांनी तो हात थांबवला. मी वहीत लिहून घेतलं: वात अर्धी वळलेली, अंगठा पंजावर तसाच.

त्यांचं मानपत्र संस्थेने आधीच कोणाकडून तरी लिहवून घेतलं होतं आणि मला फक्त "शुद्धलेखन बघा" म्हणून पाठवलं होतं. त्यात असं होतं: "आपण आपल्या चतुरस्र, भावस्पर्शी व सहजसुंदर अभिनयाने रसिकांच्या हृदयसिंहासनावर अनेक दशके अधिराज्य गाजविले." शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. पण हे वाक्य कोणत्याही नटीला लावा, चालतं. नाव बदललं की पुढच्या वर्षीच्या सत्कारालाही चालेल. मी त्याजागी लिहिलं: "सासूबाईंच्या भूमिकेत आपण दुसरा अंक वाती वळत काढलात. सुनेने घर सोडण्याची गोष्ट काढली तेव्हा आपण मान वर केली नाहीत. वात वळणारा हात तेवढा थांबला, आणि म्हातारीने ऐकले आहे हे शेवटच्या रांगेलाही कळले." सभागृहात ते वाचलं गेलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या, त्या काळी तो प्रयोग पाहिलेल्या दोघी एकमेकींकडे वळून बोलायला लागल्या. त्यांना तो हात आठवला होता.

अशी एक जागा मिळेपर्यंत घरून उठू नका. एक पुरे. दोन मिळाल्या तर दुसरी मुलाखतीसाठी ठेवा.

आठवण आणि कागद

आठवण गोड असते, पण वर्षं घसरतात. प्रत्येक साल एखाद्या कागदाशी ताडून बघा. राज्य नाट्य स्पर्धेचं प्रमाणपत्र, अभिनयाचं रौप्यपदक, स्मरणिका, हँडबिल, वर्तमानपत्रातलं कात्रण, आकाशवाणीचं करारपत्र, यांतलं काही ना काही घरात निघतं. नागपूर आकाशवाणी केंद्र १९४८ पासून आहे, आणि इथल्या कितीतरी नटांनी रंगमंचाइतकंच काम श्रुतिकांमध्ये, म्हणजे रेडिओवरच्या नाटकांमध्ये, केलं आहे. ते विचारायचं राहून जातं. आवर्जून विचारा. श्रुतिकेतला आवाज हाही अभिनयच.

फार जुन्या कागदावर 'मध्य प्रदेश' दिसलं तर ती छपाईची चूक समजून दुरुस्त करू नका. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर त्या राज्याची राजधानी होतं.

"धनवटेला केलं होतं" असं ज्येष्ठ मंडळी सहज म्हणतात. झाशी राणी चौकातलं ते जुनं रंगमंदिर आता नाही, तिथे विदर्भ साहित्य संघाचं सांस्कृतिक संकुल आहे. मानपत्रात 'जुने धनवटे रंगमंदिर' असं लिहा, म्हणजे आजच्या मुलांनाही जागा कळेल.

'पहिले', 'एकमेव', 'सर्वाधिक' हे शब्द पक्का पुरावा असल्याशिवाय लिहू नका. 'नटसम्राट'चंच घ्या. १९७० साली आप्पासाहेब बेलवलकर पहिल्यांदा डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, यशवंत दत्त यांनीही ते केले, आणि हौशी रंगभूमीवर तर गावोगावच्या नटांनी केले. एखाद्या काकाजींनी आपल्या संस्थेसाठी आप्पासाहेब केले असतील, तर 'हौशी रंगभूमीवर' हे दोन शब्द लिहा. त्यात कमीपणा काही नाही. नोकरी सांभाळून, रात्री अकरापर्यंत तालीम करून, सकाळी सायकलने कचेरीत जाणाऱ्या माणसाने आप्पासाहेब पेलले, ही गोष्टच मोठी आहे आणि ती तशीच सांगितली पाहिजे.

आणखी एक गोष्ट. ज्येष्ठ कलावंतांना शासनाकडून मासिक मानधन मिळण्याची योजना आहे, आणि अर्ज करताना कलेच्या सेवेचे पुरावे द्यावे लागतात. तुमच्या मानपत्रातली सालं, संस्थांची नावं, भूमिका बरोबर असतील, तर तो कागद उद्या त्या माणसाच्या उपयोगी पडू शकतो. विशेषणांचा तिथे काहीच उपयोग नाही.

सन्मानांची नावं नीट लिहा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर.

'पद्मश्री' नावाला जोडू नका. ना निमंत्रणावर, ना बॅनरवर, ना मानपत्रात. संविधानाच्या १८ व्या अनुच्छेदाने किताब बंद केले. पद्म सन्मान हे किताब नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं, पण त्याचबरोबर ते नावाच्या आधी किंवा नंतर लावता येणार नाहीत, हेही सांगितलं. तेव्हा 'पद्मश्री डॉ. परशुराम खुणे' असं न लिहिता, 'डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली भारत सरकारने पद्मश्री सन्मान दिला' असं लिहा. वाक्य लांब होतं, पण योग्य होतं.

पुरस्काराचं साल आणि प्रदानाचं साल वेगळं असू शकतं. दादासाहेब फाळके पुरस्काराच्या बाबतीत हे नेहमी होतं. रजनीकांत यांना तो २०१९ सालासाठी मिळाला, पण प्रदान झाला २०२१ मध्ये. अशोक सराफ यांचा महाराष्ट्र भूषण २०२३ सालचा, जाहीर झाला २०२४ च्या जानेवारीत. मानपत्रात कोणतं साल लिहिता ते ठरवा आणि सगळीकडे तेच पाळा.

एखाद्या चित्रपटातल्या किंवा नाटकातल्या कामाला मिळालेलं पारितोषिक वेगळं आणि सगळ्या कारकिर्दीचा सन्मान वेगळा. दोन्ही एका ओळीत कोंबू नका. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि अकादमीची रत्न सदस्यता याही निराळ्या गोष्टी आहेत. रत्न सदस्यता फार थोड्यांना मिळते, डॉ. लागूंना २०१० सालची मिळाली होती.

महाराष्ट्र शासनाचे जीवनगौरव पुरस्कार क्षेत्रानुसार वेगवेगळे आहेत. रंगभूमीसाठी नटवर्य प्रभाकर पणशीकर यांच्या नावाचा, संगीत रंगभूमीसाठी संगीताचार्य अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नावाचा, चित्रपटासाठी चित्रपती व्ही. शांताराम आणि राज कपूर यांच्या नावाचे, तमाशासाठी विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा. नुसतं 'शासनाचा जीवनगौरव' लिहिलं तर यांतला कोणता, हे कळत नाही. सांगलीचं विष्णुदास भावे गौरव पदक शासनाचं नाही, ते अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समिती देते. सन्मान देणाऱ्या संस्थेचं नाव पूर्ण लिहा.

ज्यांच्या नावाने पुरस्कार दिला जातो त्यांनी काय केलं, हेही मानपत्र लिहिणाऱ्याला माहीत हवं. पणशीकरांचं नाव आलं की 'तो मी नव्हेच' आठवलं पाहिजे: १९६२ साल, फिरता रंगमंच, आणि एकाच लखोबा लोखंडेची एकामागून एक बदलणारी सोंगं. सिव्हिल लाइन्सच्या ज्या सभागृहात तुम्ही कार्यक्रम घेता, ते डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या नावाचं आहे. १९६७ साली आलेल्या 'कट्यार काळजात घुसली'त त्यांनी खाँसाहेब केले, आणि ते नाटक लिहिणारे व बसवणारे पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तर आपल्या नागपूरचे. एवढं सूत्रसंचालकाला ठाऊक असलं की तो त्या मंचावर जबाबदारीने उभा राहतो.

पूर्वेकडे बघा

निवड समितीत असाल तर एक विनंती आहे. यादी करताना शहराच्या हद्दीवर थांबू नका. पूर्व विदर्भात, वडसा-देसाईगंजच्या बाजूला, झाडीपट्टी रंगभूमी आजही तिकीट लावून चालते. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांच्या निमित्ताने गावोगावी मंडप पडतात, नाटक रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. एका हंगामात तिथला नट जितक्या रात्री उभा राहतो, तितक्या आम्हा हौशी मंडळींच्या वाट्याला कित्येक वर्षांत येत नाहीत. दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं करणारे तर याहून मागे राहिलेले. त्यांच्याकडे प्रमाणपत्रं नसतात, फाईल नसते, स्वतःहून अर्ज करायचं त्यांच्या मनातही येत नाही. मग "कागदपत्रं अपुरी" म्हणून नाव मागे पडतं. अशा वेळी समितीतल्या कोणीतरी त्या गावी जाऊन, त्यांच्यासोबत काम केलेल्या दोघातिघांशी बोलून माहिती काढायला हवी. हे काम समितीचं आहे, कलावंताचं नाही. मला याबद्दल फार वाटतं, आणि दरवर्षी मी ते बोलते.

लिहायला बसल्यावर

तीनशे शब्द पुरे. मोठ्याने वाचायला तीन मिनिटं लागतील एवढं. कलावंत तेवढा वेळ सगळ्यांसमोर मंचावर असतो, हे डोळ्यांसमोर ठेवा.

सुरुवात जन्मगावाने करू नका. पहिल्याच परिच्छेदात ती एक जागा आणा: तो थांबलेला हात, ती एंट्री, ते हसू. नंतर कारकीर्द: कोणत्या संस्थेतून सुरुवात, कोणत्या ठळक भूमिका, कोणते सन्मान. यात तीन-चारच गोष्टी घ्या. बाकीच्या सूत्रसंचालकाला द्या. मग त्यांनी घडवलेली माणसं. नागपुरात प्रत्येक ज्येष्ठ नटाच्या हाताखाली कोणी ना कोणी तयार झालेलं आहे: शाळेच्या गॅदरिंगमधली पोरं, महाविद्यालयाच्या एकांकिकेतली मुलं. आणि घरचे. बाई कलावंत असेल तर तालमीला जाताना मूल कोणाकडे ठेवत होती, हे विचारलेलं असलंच पाहिजे, आणि त्या सासूचं, जावेचं, शेजारणीचं एक वाक्य मानपत्रात आलं पाहिजे. शेवटी संस्थेचं नाव, तारीख, ठिकाण. 'आपणांस उदंड आयुष्य लाभो' लिहायचं असेल तर लिहा, पण त्याच्या आधी एवढं सगळं आलेलं असू द्या.

भाषा 'आपण'ची ठेवा, पण वाक्य छोटं. एका वाक्यात दोनदा 'व' आला की ते वाक्य तोडा. जोडाक्षरांची रांग लागली की वाचणारा अडखळतो. लिहून झालं की स्वतः उभं राहून मोठ्याने वाचा. जिथे श्वास अपुरा पडेल तिथे पूर्णविराम द्या.

मग मसुदा कलावंताला वाचून दाखवा. काही संस्था म्हणतात, नको, सरप्राइज राहू द्या. मी ऐकत नाही. एखादं नाव गाळलं गेलेलं असतं, एखाद्या जुन्या सहकाऱ्याचं नाव त्यांना यायलाच हवं असतं, एखादी गोष्ट जाहीर व्हायला नको असते. घरी वाचून दाखवताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या, पण नावं तपासून घ्या.

छपाई आणि मंच

अक्षर मोठं ठेवा. मागे पाचसहा रंगांची फुलं आणि मुखवटे छापू नका, मजकूर वाचता येत नाही. काचेची जड फ्रेम नको. पंचाहत्तरीच्या माणसाच्या हातात ती दिली की त्याला फोटोसाठी हसता येत नाही. हलकी फ्रेम घ्या, किंवा कडक पुठ्ठ्याची घडी.

नावाची बाब विसरू नका. रंगभूमीवरचं नाव आणि बँकेतलं नाव वेगळं असू शकतं, लग्नाआधीच्या नावाने गाजलेल्या अभिनेत्रींच्या बाबतीत तर हमखास. मानपत्रावर रंगभूमीचं नाव, धनादेशावर बँकेतलं. हे आधीच विचारून लिहून घ्या. सत्काराचा धनादेश वटला नाही म्हणून वृद्ध माणसाला संस्थेच्या चकरा माराव्या लागल्याचं मी पाहिलं आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी मंचाला पायऱ्या कोणत्या बाजूने आहेत, कठडा आहे का, बघून घ्या. नसेल तर विंगेतून आणा आणि पडदा उघडण्याआधी खुर्चीत बसवा. खुर्ची हात असलेली हवी, सोफा नको. सोफ्यातून गुडघेदुखीच्या माणसाला उठता येत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल तर समोरचा स्पॉट थोडा खाली घ्यायला सांगा.

मानपत्र वाचणारा आधीपासून ठरलेला असावा, आणि त्याने ते निदान दोनदा वाचलेलं असावं. पाहुण्यांच्या हातात ऐन वेळी कागद देऊन "दोन ओळी वाचा" म्हणू नका. वाचन आधी, शाल-श्रीफळ नंतर. शाल आधी दिली की टाळ्या तिथेच होऊन जातात, फोटो काढणारे समोर उभे राहतात आणि मानपत्र कोणी ऐकत नाही. वाचताना फोटोग्राफरला बाजूला बसवा. एवढं मी प्रत्येक वेळी हट्टाने करून घेते.

"एक संवाद म्हणा ना" ही फर्माइश प्रेक्षकांतून येतेच. कलावंताला आधी विचारून ठेवा. म्हणायचा असेल तर कोणता, उभ्याने की बसून, समोर माईक कोण धरणार, सगळं ठरवा, आणि सुरुवातीची ओळ मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्या हातात द्या. नको असेल तर सूत्रसंचालकाने ती फर्माइश स्वतः थांबवावी, कलावंताला नाही म्हणायला लावू नये.

त्यांच्या मनोगताला घड्याळ लावू नका. लांबलं तर प्रमुख पाहुण्यांचं भाषण कमी करा. लोक ज्यांच्यासाठी आले आहेत, ते बोलत आहेत.

कार्यक्रम झाल्यावर मानपत्राचा टाईप केलेला मजकूर घरच्यांना पाठवा, एक प्रत संस्थेच्या फाईलला लावा, एक शहरातल्या एखाद्या जुन्या ग्रंथालयाला द्या. फाईलमधल्या प्रतीच्या मागे पेन्सिलीने लिहा: कोणाकडून माहिती घेतली, कोणतं साल कोणत्या कागदावरून घेतलं, कोणती गोष्ट ताडून बघता आली नाही. पुढच्या वर्षी दुसरी संस्था त्याच कलावंताचा सत्कार ठेवेल, तेव्हा लिहिणाऱ्याला तिथून पुढे सुरू करता येईल.